आमच्याबद्दल काय लिवलंय?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाची सहल काढली. सहल म्हणजे काय, थळहून टेम्पोनं निघायचं, चौल-रेवदंडा बघायचं आणि दिवेलागणीपर्यंत घरी परत. पण घरातून एक अख्खा दिवस पाय बाहेर काढायचा म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आदल्या रात्रीपासून भाकऱ्या, चटण्या, सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे... तर असो. चौलच्या डोंगरावर दत्ताच्या पायऱ्या चढून उतरलो, सगळ्यांचे गुडघे बोलायला लागले होते, तरी मी हट्टानं सगळ्यांना रेवदंड्याला शाळेच्या आवारात घेऊन गेले. तिथं काळ्या दगडाचा एक उंच स्तंभ आहे. २००२ साली उभारलेला.

"हा कोन बाबा?" आमच्या गटातल्या एक मावशी, रोज सकाळी टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात बसणाऱ्या, त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, याचं नाव अफानासी निकितीन. रशियाचा व्यापारी. साडेपाचशे वर्षांपूर्वी समुद्रातून आपल्या या चौल बंदरात उतरला. तेव्हा वास्को द गामा आला नव्हता, पोर्तुगीज आले नव्हते, शिवाजी महाराजांच्या जन्माला दीडशे वर्षं अवकाश होता. इथून तो जुन्नरला गेला, बिदरला गेला, आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं.

मावशींनी कमरेवर हात ठेवला. "मंग आमच्याबद्दल काय लिवलंय?"

आणि मी गप्प. कारण काय लिहिलंय ते मला माहीत होतं.

इतिहास घेऊन बी. ए. केलं तेव्हा निकितीन म्हणजे दोन मार्कांची टीप होती. बहमनी राज्यात आलेला रशियन प्रवासी, वगैरे. पुस्तक बघितलं सुद्धा नव्हतं. लग्न होऊन थळला आले, चौल इतकं जवळ, तरी कधी सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीनं मोबाइलवर जुनं इंग्रजी भाषांतर शोधून दिलं. लंडनच्या हॅक्लूट सोसायटीनं ते छापलं १८५७ साली, म्हणजे इकडे उत्तरेत उठाव पेटला होता त्याच वर्षी! डिक्शनरी शेजारी ठेवून दुपारच्या वेळी थोडं थोडं वाचलं. पुस्तक मोठं नाही. वही म्हणावी एवढंच.

तर चौलला उतरल्यावर या गृहस्थाला पहिल्यांदा काय दिसलं? इथले लोक उघडे फिरतात. बायकांच्या डोक्यावर पदर नाही, छाती उघडी, केसांची एकच वेणी. लहान मुलं-मुली सातएक वर्षांची होईपर्यंत नागडीच. बायकांना दरवर्षी मूल होतं. सगळी माणसं काळी. आणि मी जिथं जाईन तिथं हे लोक माझ्यामागं जथ्यानं येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं.

हे सगळं मी मावशींना जमेल तसं सांगितलं, थोडं झाकूनपाकून. मला वाटलं चिडतील. त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, "मे म्हैन्यात उतरला असंल गो!"

घरी येऊन मी पुन्हा पान उघडलं. त्यानं लिहिलंय की ईस्टरनंतर हुर्मुझहून घोड्यांच्या गलबतात बसलो आणि काही आठवड्यांनी चौलला पोचलो. हिशेब केला तर खरंच मेच्या आसपास येतं. पाचशे वर्षांतल्या किती विद्वानांनी ती वही वाचली असेल, पण उकाड्याचा मुद्दा आमच्या मावशींना लगेच दिसला. पुढं पाऊस लागला, तर निकितीन त्याला हिवाळा म्हणतो. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. बिचाऱ्याकडं पावसाळ्याला शब्दच नव्हता.

म्हणजे माणूस जे बघतो ते आपल्या गावाच्या चष्म्यातून बघतो. त्याच्या रशियात लग्न झालेल्या बाईनं केस उघडे टाकणं ही मोठी लाज मानत. म्हणून त्यानं पहिल्यांदा काय टिपलं, तर डोक्यावर काही नाही. आपल्याकडची बाई भर उन्हात भात लावत होती की मासळी सुकवत होती, कुणास ठाऊक. त्यानं तिचं डोकं बघितलं.

पुढचं एक प्रकरण तर वाचवत नाही. परदेशी व्यापारी उतरत त्या सराईत काम करणाऱ्या, रांधून वाढणाऱ्या बाया, त्या पाहुण्यांबरोबर कशा राहतात हे तो लिहितो, आणि ते वाचताना वाटतं की या देशातल्या सगळ्याच बायका तशा. अहो, मुंबईच्या स्टेशनबाहेर उतरून एखाद्यानं तिथल्या चार लॉजवरून महाराष्ट्रातल्या बायकांचा निवाडा केला तर कसं वाटेल? त्या सराईतल्या बाया कोण होत्या, कुठून आल्या होत्या, पोटासाठी की जबरदस्तीनं, यावर एक अक्षर नाही.

पण मला हा माणूस सोडवत नाही. त्याचं कारण पुढं आहे.

निकितीन इथं हिंडत होता तो आपल्या खऱ्या नावानं नाही. ख्वाजा युसुफ खोरासानी असं मुसलमानी नाव त्यानं घेतलं होतं. राज्य बहमनी सुलतानाचं, आणि परक्या व्यापाऱ्याला ते सोयीचं. शंभर रुबल मोलाचा एक घोडा विकायला आणला होता, सगळं भांडवल त्या घोड्यात. जुन्नरला तिथल्या खानाला कळलं की हा खोरासानी नाही, रशियन आहे. घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर दोन्ही गेलं समज. चार दिवसांची मुदत. त्या चार दिवसांत तो कसा जगला असेल! शेवटी खोरासानचाच एक मुसलमान गृहस्थ, मुहम्मद नावाचा, मध्ये पडला आणि खानाकडून सगळं सोडवून आणलं.

पुढं बिदरला तो बराच काळ राहिला, हिंदू लोकांशी ओळखी झाल्या, आणि तिथं त्यानं आपण होऊन सांगितलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. तेव्हापासून, तो लिहितो, या लोकांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. जेवण नाही, व्यापार नाही, पूजा नाही. बायकांनाही आड ठेवलं नाही.

इथून वही बदलते. चौलला ज्याला फक्त उघडी अंगं दिसली, त्याला आता घर दिसायला लागतं. जेवणापूर्वी हातपाय धुतात, चूळ भरतात. उजव्या हातानं जेवतात, चमचा लागत नाही. खिचडी, तूप, भाजी, दूध. दोन वेळा जेवण. पूर्वेकडे तोंड करून हात जोडतात, आमच्या रशियासारखंच, असंही म्हणतो. त्यांच्याबरोबर शिवरात्रीला तो श्रीशैलच्या जत्रेला गेला आणि ते ठिकाण म्हणजे यांचं जेरुसलेम असं लिहून मोकळा झाला. शंकराच्या देवळाला एवढा मान देणारा परदेशी त्या काळात दुसरा कुठला?

त्याची स्वतःची अवस्था मात्र वाईट होती. धर्माची पुस्तकं वाटेतच, व्होल्गा नदीवर आस्त्राखानजवळ लुटारूंनी पळवली होती. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हेच कळेना. आपल्या भाषेत सांगायचं तर घरातलं कालनिर्णय हरवलं! आषाढी कधी, संकष्टी कधी, कुणाला विचारायचं? तो रडकुंडीला येतो, आजूबाजूच्या मुसलमानांचा उपास धरतो, देवाची माफी मागतो. खरा धर्म कुठला ते देवालाच ठाऊक, इथपर्यंत येतो. घरचे सणवार बाईच्या डोक्यात असतात म्हणून पुरुषाला कधी तारीख शोधावी लागत नाही. हा एकटा पडला तेव्हा त्याला ते जाणवलं असेल का, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात आला.

आता धर्म त्यानं कुणाला विचारला? पुरुषांना. तुमचा देव कोण, पंथ किती? उत्तर मिळालं चौऱ्याऐंशी. हे वाचताना मला आमच्या थळशेजारच्या नवगावची गोष्ट आठवली. बेने इस्रायली लोक, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत होतो, त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ते मानतात. शेकडो वर्षं इथंच राहिले, तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले, फक्त शनिवारी घाणा बंद. आपण कोण हे जगाला माहीत नाही. त्यांच्यात सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा एक परका यहुदी आला. त्याला खात्री करून घ्यायची होती. त्यानं पुरुषांना शास्त्र विचारलं नाही. बायकांपुढे वेगवेगळ्या जातीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. झालं! यहुदी धर्माचा नियम तिथं विळीवर बसलेल्या बाईच्या हातात होता. गोष्ट आख्यायिका असेल. पण माशाच्या बाजारात वाढलेल्या कुठल्याही थळकरणीला ती लगेच पटते.

निकितीनला ही युक्ती सुचली नाही. त्याच्या अख्ख्या वहीत एका बाईचं नाव नाही. सुलतानाची आई मोठ्या लवाजम्यानिशी फिरते एवढं येतं. पण तो येण्याच्या थोडीच वर्षं आधी, सुलतान लहान होते तेव्हा, हीच राजमाता मखदूमा-ए-जहान महमूद गवानच्या जोडीनं राज्यकारभार बघत होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही किंवा त्यानं विचारलं नाही. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर याच्यावर 'परदेसी' सिनेमा काढला, तेव्हा नर्गिससाठी चंपा नावाची नायिका नवीन तयार करावी लागली. वहीत मिळाली नाही ना!

याच्या उलट आपल्या पंडिता रमाबाई. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या राणीच्या राज्यातली, काळ्या वर्णाची, विधवा बाई गोऱ्यांच्या देशाचं निरीक्षण करते आहे! बायकांच्या शाळा, बायकांच्या संस्था, त्यांची कामं, सगळं विचारून विचारून लिहिलं. ते पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

पण मी निकितीनवर बोट ठेवते आहे, तेव्हा माझ्याकडं तीन बोटं आहेत, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

वीस वर्षांपूर्वी, लग्नाला दोन वर्षं झाली होती, एका संस्थेच्या सर्व्हेचं काम मिळालं. डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवर जाऊन फॉर्म भरायचे. फॉर्ममागे पैसे. पहिल्या दिवशी मी अकरा फॉर्म भरले आणि मला फार अभिमान वाटला. आता आठवलं की कानशिलं तापतात. 'व्यवसाय' या रकान्यात बायकांपुढे मी लिहिलं, काही नाही. 'धर्मविषयक' म्हणून एक रकाना होता, तिथं रेघ मारली. दार उघडं, अंगणात उघडी पोरं, आत अंधार, मी उंबऱ्याबाहेर उभी. एका बाईनं कोरा चहा पुढं केला. मी म्हटलं, आत्ताच घेतला. खोटं होतं. त्या कपाकडं बघून मला नको वाटलं, एवढंच खरं.

निकितीननं हेही लिहून ठेवलंय बरं का. इथले लोक एकमेकांबरोबर जेवत नाहीत, प्रवासात प्रत्येकाचं भांडं वेगळं, प्रत्येकाची खिचडी वेगळी. पंथापंथात लग्न नाही. परक्याची नजर जेवणावर पडू नये म्हणून वर फडकं धरतात. त्यानं चौलला पाहिलेल्या उघड्या बायका आज राहिल्या नाहीत, उमरावांच्या चांदीच्या पालख्या राहिल्या नाहीत. (खेड्यातले लोक फार गरीब आणि उमराव फार चैनीत, असं तो म्हणतो, आमच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांच्या भिंती बघितल्या तर त्यानं काय लिहिलं असतं कोण जाणे.) पण ती वेगळी खिचडी? हळदीकुंकवाला कुणाकडं दूध घेतात आणि कुणाकडं नुसती साखर चिमटीत घेऊन निघतात, ते आपापल्या आळीत बघा.

दुसऱ्यांदा त्याच वाडीवर जावं लागलं, कारण फॉर्ममधली वयं चुकली होती. तीच बाई. या वेळी तिनंच मला विचारायला सुरुवात केली. "तुजा नाव काय बाय? सासर कुठं? पोरं किती?" मी नाव सांगितलं. सासर थळ. पोरं नाहीत अजून, एक पोटात राहून गेलं, असं तोंडातून निघून गेलं. हे मी तेव्हा माहेरीही धड बोलले नव्हते. ती काही बोलली नाही. तिनं बाजूला सरून जागा केली. मी आत जाऊन बसले आणि चहा प्यायले.

मग ती बोलली. दिवाळीनंतर सगळी वाडी वीटभट्टीवर जाते, पाऊस येईपर्यंत तिकडेच. नवऱ्याच्या नावावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते, काम दोघं करतात. चिखल ती मळते, विटा तीच वाहते. हीच ती, जिच्यापुढे मी 'काही नाही' लिहिलं होतं. तिचं धाकटं मूल भट्टीवरच झालं. रात्री कळा आल्या, जवळपास बाई कुणी नाही, सुईण नाही, गाडी कुठली. नवऱ्यानंच केलं सगळं. नाळही त्यानंच कापली. हे सांगताना तिनं तोंडावर पदर घेतला, पण तो लाजेचा नव्हता, हसू लपवायचा होता. "हात कापत होतं त्याचं," म्हणाली.

माझ्या फॉर्मात प्रसूतीपुढे तीन चौकोन होते: दवाखाना, प्रशिक्षित दाई, अप्रशिक्षित दाई. नवऱ्यासाठी चौकोन नव्हता. मी तिसऱ्यावर खूण केली. संस्थेच्या साहेबांना सांगून बघितलं की ही उचलीची आणि भट्टीची माहिती फॉर्मात कुठं घालू, तर म्हणाले, "मॅडम, शेरा लिहू नका, कॉम्प्युटरला शेरा जात नाही."

आणि दोन वर्षांपूर्वी निकितीन वाचताना एका ओळीवर मी थांबले. तो लिहितो, इथं बाई बाळंत झाली की नवरा सुइणीचं काम करतो. मुलाचं नाव बाप ठेवतो आणि मुलीचं नाव आई. लगेच पुढं तो या लोकांना लाज नाही असंही लिहितो, म्हणजे चौलचा चष्मा पूर्ण उतरला नव्हताच. कुणीही म्हणेल की परदेशी माणूस, भाषेचा घोळ झाला असेल, आपल्याकडं असं कुठं असतं? इतिहासाच्या वर्गात असते तर मीही म्हटलं असतं. पण मला ते कापणारे हात माहीत होते. त्याला कुणीतरी घरात घेतलं असेल, नाव सांगितल्यावर. अशी गोष्ट बाजारात ऐकू येत नाही.

निकितीन घरी पोचला नाही. दाभोळहून जहाजात बसला, काळ्या समुद्रापर्यंत गेला, आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. वह्या व्यापाऱ्यांनी १४७५ साली मॉस्कोला पोचवल्या. त्याच्या त्वेर गावी व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा आहे, १९५५ सालचा. त्याची बायको-मुलं होती की नाही, ते त्यानं कुठं लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आमच्या किनाऱ्यावर आता शनिवार-रविवार पाहुणे येतात. कॅमेरे घेऊन थेट मासळीवाल्या बायकांसमोर उभे राहतात. मावशींचा त्यांच्यावर राग नाही, तक्रार एवढीच की, "फोटू काढतान नि म्हावरं घेत नाय." मी त्यांना म्हटलं, मावशी, कुणी फोटो काढायला आला की आधी त्याला नाव-गाव विचारा. त्यांनी ते मनावर घेतलंय. परवा एक पुण्याचा मुलगा नाव सांगून, बहिणीचं लग्न सांगून, वर अर्धा किलो कोलंबी घेऊन गेला!

मला मात्र त्या वाडीवर एकदा जायचंय. भट्टीवर झालेलं ते मूल मुलगी होती. आता वीस-एकवीस वर्षांची असेल. तिचं नाव कुणी ठेवलं, बापानं की आईनं, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं. मार्चमध्ये गेले होते, तर सगळ्या घरांना कड्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पाऊस पडल्यावर या.